जुन्या मोटारसायकलींची हवापेटी आणि पॉड फिल्टर : देवगड परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ ही प्रदूषण मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींमधून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. तथापि रस्त्यावरून तो अद्याप गेलेला नाही. मुंबईच्या इराणी बंधूंनी म्हैसूर येथे उभारलेल्या आयडियल जावा कारखान्यातील जावा व येझदी, १९५५ पासून मद्रास येथे तयार होऊ लागलेली बुलेट, १९८३ मध्ये एस्कॉर्ट्स कंपनीने बाजारात आणलेली राजदूत ३५० ही दोन सिलिंडरांची गाडी आणि १९८५ ची आरएक्स १०० या गाड्या आजही हौसेने, काही ठिकाणी गरजेनेही, वापरात आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्याचा देवगड तालुका त्यास अपवाद नाही.

या गाड्यांच्या दुरुस्तीत एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. कार्ब्युरेटरला हवा पुरविणारी मूळची पेटी, म्हणजेच एअर बॉक्स, काढून टाकून त्या जागी कार्ब्युरेटरच्या तोंडावर शंकूच्या आकाराचा सुटा पॉड फिल्टर बसवावा काय? असे केल्याने गाडीची ताकद वाढते, असा समज सर्वत्र आढळतो. पेटी काढण्यामागचे खरे कारण मात्र बहुधा वेगळे असते. चाळीस वर्षांत पेटी व कार्ब्युरेटर यांना जोडणारी रबरी नळी कडक होऊन तडकते, मूळ भाग मिळत नाही आणि पॉड फिल्टर सहज मिळतो. प्रस्तुत लेखात या बदलामागील भौतिकशास्त्र स्पष्ट करून देवगडच्या हवामानात त्याचे परिणाम काय होतात, याचा विचार केला आहे.

कार्ब्युरेटर मोजमाप कसे करतो

कार्ब्युरेटर पेट्रोल ओततो असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः तो केवळ दाबातील फरक मोजतो. इंजिनाने ओढलेली हवा कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो व दाब घटतो. खालच्या फ्लोट चेंबरमधील पेट्रोलवर मात्र बाहेरच्या वातावरणाचाच दाब असतो, कारण त्या कक्षाला बाहेर उघडणारे छिद्र असते. या दोन दाबांतील फरकामुळे पेट्रोल जेटमधून वर चढते.

आता हवेच्या वाटेत फिल्टर व पेटी आली, तर त्यांच्या अडथळ्यामुळे गळ्यातील दाब आणखी थोडा कमी होतो. हा अडथळा पाण्याच्या काही सेंटीमीटर उंचीएवढा अल्प असला, तरी गळ्यातील मूळ दाबफरकाच्या तुलनेत तो नगण्य नसतो. परिणामी पेट्रोल अधिक ओढले जाते. कारखान्यात जेटचा आकार ठरविताना हा अडथळा गृहीत धरलेला असतो. पेटी काढली की तो नाहीसा होतो, हवा वाढते, परंतु पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही. मिश्रण विरळ होते. पॉड फिल्टर बसविल्यावर मोठा मेन जेट का घालावा लागतो, याचे उत्तर एवढ्यातच आहे.

मेन जेट बदलला म्हणजे काम संपले, असेही नाही. त्याचा अंमल थ्रॉटल तीनचतुर्थांशापेक्षा अधिक उघडल्यावर चालतो. त्याखाली, साधारण एकचतुर्थांशापर्यंत, नीडलची जाडी व तिच्या क्लिपची खाच निर्णायक असते. त्याहीखाली स्लाइडचा तिरपा कापलेला कोपरा, आणि गाडी जागेवर चालू असताना पायलट जेट व हवेचा स्क्रू. देवगडच्या बाजारपेठेतून जामसंड्यापर्यंत जाणारी गाडी बहुतांश वेळ खालच्या तीन अवस्थांतच असते. त्यामुळे केवळ मेन जेट बदलून दिलेली गाडी कारखान्याच्या दारात जोरात पळते आणि गावात मात्र अडखळते.

आणखी एक बारीक बाब कारागिरांच्याही नजरेतून सुटते. कार्ब्युरेटरच्या तोंडाच्या कडेला हवेची एक-दोन सूक्ष्म छिद्रे असतात. पॉड फिल्टरची रबरी कड जाड असल्यास ती या छिद्रांवर चढते व ती बंद होतात. मग मिश्रण विरळ होण्याऐवजी खालच्या वेगात ते दाट होते, प्लग काळा पडतो आणि कारागीर चुकीच्या दिशेने जेट बदलत राहतो.

पेटीचे कार्य

हवापेटी ही फिल्टर ठेवण्याची जागा एवढीच असती, तर ती काढण्यास फारशी हरकत नव्हती. तथापि तिची अन्य कार्ये आहेत. इंजिन हवा सलग न ओढता झटक्यांनी ओढते. पेटीत शांत हवेचा साठा असल्याने प्रत्येक झटक्याला ती एकाच स्थितीतील हवा पुरविते. शिवाय पेटी व तिची नळी मिळून बासरीसारखी एक अनुनादी रचना तयार होते. उदाहरणार्थ, पेटी ३ लिटरची, तोंडाचे क्षेत्रफळ १० चौरस सेंटीमीटर आणि नळीची लांबी १० सेंटीमीटर धरली, तर हेल्महोल्ट्झच्या सूत्रानुसार तिची नैसर्गिक वारंवारता सेकंदास सुमारे १०० येते. एका सिलिंडरचे दोन स्ट्रोकचे इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर सेकंदास बरोबर १०० वेळा हवा ओढते. अशा जुळणीच्या आसपास पेटी सिलिंडर भरण्यास मदत करू शकते. पेटी काढून ताकद वाढविणारा मनुष्य कित्येकदा ही फुकट मिळालेली मदत गमावून बसतो.

येझदीसारख्या इंजिनात, जेथे पिस्टनच स्वतःच्या हालचालीने हवेचे द्वार उघडतो व मिटतो, कमी वेगात थोडे मिश्रण कार्ब्युरेटरच्या तोंडातून उलटे बाहेर फेकले जाते. पेटीत हे धुके साचते व पुढच्या ओढीत परत आत जाते. उघड्या पॉड फिल्टरवर तेच तेल-पेट्रोल बसून कागद चिकट होतो. राजदूत ३५० मध्ये रीड व्हॉल्व्ह असल्याने हा दोष कमी आहे. परंतु तेथे दुसरी अडचण उद्भवते. तिचे दोन कार्ब्युरेटर एकाच पेटीतून हवा घेतात, त्यामुळे दोन्ही सिलिंडरांना समान हवा मिळते. दोन स्वतंत्र पॉड बसविले आणि वाऱ्याकडील एक अधिक मळला, तर एक सिलिंडर विरळ व दुसरा दाट मिश्रणावर चालतो. गाडीचा थरथराट वाढतो, आणि दोष इग्निशनवर ढकलला जातो.

देवगडचा वारा, माती व पेट्रोल

देवगड तालुक्याचा मोठा भाग जांभ्या दगडाच्या सड्यांनी व्यापलेला आहे. लोह व ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनी समृद्ध असलेल्या या दगडाची तांबडी धूळ उन्हाळ्यात, म्हणजे नेमकी हापूसची वाहतूक ऐन भरात असताना, बागांच्या कच्च्या रस्त्यांवरून उडत असते. ३४६ घनसेंटीमीटरची बुलेट मिनिटाला ३००० फेऱ्यांवर, थ्रॉटल पूर्ण उघडलेले असताना आणि सिलिंडर ऐंशी टक्के भरतो असे धरल्यास, तासाला सुमारे २५ घनमीटर हवा ओढते. दहा फूट लांब, रुंद व उंच खोलीतील हवेच्या जवळपास एवढे हे प्रमाण आहे. पेटीचे तोंड सीटखाली, आडोशाला असते. पॉड उघड्यावर, मागच्या चाकाच्या शिंतोड्यांच्या टप्प्यात. पावसाळ्यात कागदी पॉड भिजला की हवा कोंडते व मिश्रण एकाएकी दाट होते. भिजू नये म्हणून काही जण त्यावर पिशवी बांधतात. त्याने हवाच कोंडते, हे वेगळे सांगणे नको.

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातील मिठाचे सूक्ष्म थेंब हा तिसरा घटक. जस्तमिश्रित धातूच्या कार्ब्युरेटरवर त्यामुळे पांढरा थर चढतो, आणि वर उल्लेखिलेल्या सूक्ष्म हवाछिद्रांत तो साचला तर पायलट स्क्रू कितीही फिरवून उपयोग होत नाही. बंदराच्या रस्त्यावर आडवा वारा जोरात असताना उघड्या पॉडसमोरील दाब क्षणोक्षणी बदलतो. पेटी असलेल्या गाडीत हा त्रास जाणवत नाही.

उंचीचा परिणाम बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. जुन्या गाड्यांची मोठी कामे करून घेण्यासाठी फोंडाघाटमार्गे कोल्हापूर गाठणे ही येथील सोय आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर असल्याने तेथील हवेची घनता देवगडपेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी कमी असते. मिश्रणाचे प्रमाण घनतेच्या वर्गमुळानुसार बदलते. म्हणजे कोल्हापुरात अचूक जुळविलेली गाडी घाट उतरून आली की दोन ते तीन टक्के विरळ चालू लागते. एवढे अंतर एरवी पचून गेले असते. परंतु त्यात आता इंधनाची भर पडली आहे.

२०२५ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण अमलात आले. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९, आणि या मिश्र इंधनाला सुमारे १३.५. अर्थात तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के अधिक इंधन हवे. जुना जेट ते देत नाही. याचा अर्थ, पेटीला हातही न लावलेली १९८५ ची गाडी आज मुळातच विरळ मिश्रणावर चालत आहे. तिला घाट उतरविला आणि पेटी काढून पॉड बसविला, तर तिन्ही परिणाम एकाच दिशेने साठतात.

दोन स्ट्रोकच्या इंजिनात याची किंमत जबर असते. पेट्रोलच्या बाष्पीभवनाने पिस्टन थंड राहतो. ते घटले की तो तापतो व फुगतो. येझदीत वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, म्हणून पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी. राजदूत ३५० ला तेलाचा स्वतंत्र पंप असल्याने तेथे वंगण टिकते, उष्णता मात्र टळत नाही. घाटातील लांब चढावर, थ्रॉटल पूर्ण उघडे असताना, पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होऊन मागचे चाक अडकणे हा केवळ खर्चाचा विषय राहत नाही.

व्यवहार्य मार्ग

शक्य तेथे मूळ पेटी राखणे हेच देवगडात श्रेयस्कर ठरते. तडकलेल्या नळीच्या जागी योग्य व्यासाची तेलरोधक रबरी नळी बसविता येते. पेटीच नाहीशी झाली असेल, तर होड्यांचे फायबरकाम करणारा कारागीर तिच्या मापाची पेटी घडवू शकतो; आकारमान व तोंडाचे क्षेत्रफळ मूळच्या जवळ ठेवणे एवढेच पथ्य. इच्छा असल्यास पॉड फिल्टर या पेटीच्या आत बसवावा. त्यास सौंदर्य नाही, हे खरे.

पॉड उघड्यावरच बसवायचा असेल, तर तो तेल लावलेल्या फोमचा किंवा कापडाचा असावा, त्याची कड छिद्रांवर येत नाही हे आरशाने पाहावे आणि जुळणी देवगडातच, समुद्रसपाटीला करावी. प्रथम मेन जेट एकेक क्रमांकाने वाढवावा, मग नीडलची क्लिप एक खाच खाली उतरवून नीडल वर घ्यावी, शेवटी पायलट. मिकुनी पद्धतीच्या कार्ब्युरेटरमध्ये हवेचा स्क्रू आत फिरविल्याने मिश्रण दाट होते. तो जवळजवळ पूर्ण आत घ्यावा लागत असेल, तर पायलट जेट लहान आहे असे समजावे. प्रत्येक बदलानंतर थ्रॉटल उघडे ठेवून काही अंतर जावे, क्लच दाबून इंजिन तत्काळ बंद करावे व प्लग पाहावा. पांढरट प्लग विरळ मिश्रणाचा, काजळी धरलेला दाट मिश्रणाचा. शिसेविरहित व इथेनॉलयुक्त इंधनात हा रंग पूर्वीइतका स्पष्ट उमटत नाही, म्हणून शंका आल्यास मिश्रण किंचित दाटच ठेवावे.

पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर फ्लोट चेंबर रिकामा करून ठेवावा. इथेनॉल दमट हवेतील पाणी शोषून घेते, आणि ते पाणी तळाशी साचले की गणपतीत गाडी सुरू करताना सर्वप्रथम पायलट जेटच चोंदलेला सापडतो.