हूल किती वेळा द्यायची?

दौंडहून पुण्याकडे निघालेल्या सकाळच्या गाडीत केडगावला चढलेल्याला बसायला जागा मिळेलच असं नाही, पत्त्यांचा डाव मात्र बघायला मिळतो. चौघांच्या गुडघ्यांवर ताणून धरलेलं वर्तमानपत्र, त्यावर मेंढीकोट आणि उभ्याउभ्या सल्ले देणारे दोघे. खुटबाव, यवत, उरुळी मागे पडतात. हडपसरला उतरताना हरलेला भिडू हमखास म्हणतो, "आज पानंच नव्हती." जिंकलेला पानांचं नावही काढत नाही. तो म्हणतो, "डोक्यानं खेळावं लागतं."

दोघांतलं खरं कोणाचं, हे मोजता येतं. पण त्यासाठी 'डोकं' आधी कागदावर उतरवावं लागतं. कोणतं पान आल्यावर काय करायचं हे ठरवून टाकायचं आणि खेळताना त्यात काडीचाही बदल करायचा नाही. पोकरमध्ये हे अनेकांनी केलं आहे. डेव्हिड स्क्लान्स्की या अमेरिकन लेखकाने स्पर्धेत उतरणाऱ्या अगदी नवख्या माणसासाठी एक पद्धत सुचवली होती. पान बरं असलं तर जवळचं सगळं लावायचं, नाही तर पॅक. मधलं काही नाही. मुरलेला खेळाडू तुम्हाला पुढच्या फेऱ्यांमध्ये गाठतो. सगळं पहिल्याच चालीत लावलं की त्या फेऱ्या उरतच नाहीत.

ही पद्धत चालते का, हे बघायला हौशी माणूस काय करतो? दोन-चार स्पर्धा खेळतो आणि निकाल देऊन टाकतो. हिशेब थोडा सोपा करून पाहू. स्पर्धेत ६४ जण आहेत, सगळ्यांकडे सारखेच चिंचोके. पहिलं यायचं तर आपले चिंचोके सहा वेळा दुप्पट झाले पाहिजेत. निव्वळ नशिबावर ही शक्यता ६४ मध्ये १, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास. समजा, आपली पद्धत इतकी चांगली आहे की प्रत्येक वेळी दुप्पट होण्याची शक्यता ५० ऐवजी ६० टक्के आहे. तरी सहाही वेळा जमण्याची शक्यता पावणेपाच टक्केच. नशिबाच्या तिप्पट, पण शंभरात पंचाण्णव वेळा हारच. अशा २० स्पर्धा खेळून एकही न जिंकण्याची शक्यता ३८ टक्के आहे. उलट, ज्याच्याकडे कसलीच पद्धत नाही, तो २० स्पर्धांत एकदा तरी जिंकण्याची शक्यता २७ टक्के, आणि तो पुढे आयुष्यभर नाक्यावर पोकर शिकवतो.

म्हणून गणितींनी खेळच लहान करून घेतला. हॅरोल्ड कून यांनी १९५० मध्ये मांडलेल्या पोकरला तीनच पानं लागतात. कॅटमधून राजा, राणी आणि गुलाम काढा. दोन भिडू, प्रत्येकाचा एक चिंचोका बूट. (चिंचोकेच बरे. पैसे लावले की १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आडवा येतो, आणि मोबाइलवर पैसे लावून खेळायची वाट २०२५ मध्ये संसदेने बंद केली.) दोघांना एकेक पान, तिसरं उपडं. पहिल्याने एका चिंचोक्याची चाल करायची किंवा पास द्यायचा. समोरून चाल आली की तेवढंच लावून शो मागायचा, नाही तर पॅक. पहिल्याने पास दिला तर दुसरा चाल करू शकतो. दोघांनी पास दिला तर थेट शो.

दुसऱ्या भिडूचा कागद असा. राजा आला की नेहमी चाल, समोरून चाल आली तर नेहमी शो. राणी असताना समोरून पास आला तर आपणही पास, चाल आली तर तीनपैकी एकदा शो, एरवी पॅक. गुलाम हातात असताना चाल आली तर पॅक. पण पास आला तर तीनपैकी एकदा हूल द्यायची, म्हणजे हातात राजा असल्यासारखी चाल करायची. कोणत्या वेळी हूल द्यायची, हे मनाने ठरवायचं नाही. मन सवयीचं गुलाम असतं आणि समोरच्याला ती सवय लागलीच कळते. घड्याळाकडे बघावं. सेकंदकाटा पहिल्या वीसमध्ये असला तर हूल.

एवढं पाळलं तर समोरचा कितीही हुशार असो, सरासरी १८ डावांत एक चिंचोका तुमच्याकडे येतोच. आता कागदातली हूल तेवढी खोडा. गुलामावर कधीच चाल करायची नाही. सज्जन खेळ! समोरच्याच्या लक्षात येतं की तुमची चाल म्हणजे राजाच, आणि तो राणी मुकाट्याने पॅक करतो. स्वतःकडे राजा आला की मात्र तो चाल करतो, कारण तुमची राणी तीनातून एकदा शो मागणारच. १८ डावांतला तो एक चिंचोका आता त्याच्याकडे जाऊ लागतो.

पण हे गाडीत बसून दिसेल का? अर्ध्या मिनिटाला एक डाव धरला तर तासाभरात शंभरेक डाव होतात. त्यांत तुमचा फायदा सरासरी साडेपाच चिंचोके आणि नशिबाचं हेलकावणं बारा चिंचोक्यांच्या आसपास. समोरचाही अचूक खेळत असला तर साधारण तीनातल्या एका प्रवासात तुम्ही मागेच राहाल. नशिबाचा आवाज मागे सारून फायदा स्पष्ट दिसायला १८०० डाव लागतात, म्हणजे जवळजवळ महिनाभराचं जाणं. तीन पानांच्या खेळाची ही कथा, मग बावन्न पानांची काय असेल? पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या तुओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांनी २०१७ च्या जानेवारीत आपला 'लिब्राटस' हा संगणक चार व्यावसायिक खेळाडूंसमोर बसवला, तेव्हा २० दिवसांत १,२०,००० डाव खेळावे लागले. संगणक जिंकला.

तिथली एक युक्ती मला त्या विजयापेक्षाही जास्त आवडते. एका खोलीत खेळाडूला जी पानं मिळाली, तीच दुसऱ्या खोलीत संगणकाला मिळत होती आणि संगणकाची पानं तिथल्या खेळाडूला. डुप्लिकेट ब्रिज खेळणाऱ्यांना ही रीत नवी नाही. "पानंच नव्हती" म्हणायची सोय त्यात राहत नाही. तीच पानं घेऊन दुसऱ्याने काय केलं, हे समोर दिसतं.

केडगावच्या गाडीत हे अवघड नाही. दोन डब्यांत दोन जोड्या बसवायच्या, पानांचा क्रम आधीच वहीत लिहून दोन्हीकडे तोच लावायचा आणि हडपसरला वह्या ताडून बघायच्या. गाडी वेळेवर असली तर शंभर डाव होतील. सिग्नलला थांबली तर आणखी वीस-पंचवीस.