हजेरी वहीतून पोर्टलवर : राईस मिलच्या दिवाणजींनी काय शिकायचं?

मनुष्यबळ विभाग म्हटलं की डोळ्यांपुढे मोठ्या शहरातली काचेची इमारत येते. आपल्या गोंदिया जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी हा विभाग म्हणजे राईस मिलमधले एक दिवाणजी, एक हजेरी वही आणि एक कॉम्प्युटर. धानाची आवक, भरडाई, पगार, सगळं त्याच टेबलावर. म्हणून आज एकच काम शिकू : भविष्य निर्वाह निधीचं पोर्टल. वीस किंवा अधिक माणसं कामाला असली की पीएफचा कायदा लागू होतो.

आधी हिशोब, मग बटणं. समजा, एकाचा पीएफसाठी धरलेला पगार 12,000 रुपये आहे. त्याच्याकडून 12 टक्के, म्हणजे 1,440 रुपये कापायचे. मालकानंही तेवढेच भरायचे. पण मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के, म्हणजे 1,000 रुपये, पेन्शनला जातात. उरलेले 440 पीएफमध्ये. हे वहीत जमलं की पोर्टलवर फक्त उतरवायचं राहतं.

दर महिन्याला जी फाइल चढवतो तिला ईसीआर म्हणतात. साधी टेक्स्ट फाइल असते. एका माणसाची एक ओळ, ओळीत अकरा रकाने, आणि दोन रकान्यांच्या मध्ये #~# ही खूण. खूण चुकली की फाइल परत येते. घाबरायचं नाही, दुरुस्त करून पुन्हा चढवायची. मग चलन तयार होतं. पैसे पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे असतात. पण 15 तारखेची वाट पाहू नका.

आता खरी अडचण. ती कॉम्प्युटरची नाही, नावाची आहे. 2014 पासून प्रत्येक सदस्याला बारा अंकी यूएएन मिळतो. नोकरी बदलली तरी तो तोच राहतो. आपला जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला लागून. बालाघाटकडून आलेल्या माणसाच्या कागदावर अनेकदा नाव आणि आडनाव, बस्स. आपल्याकडे मध्ये वडिलांचं नाव, बाईचं लग्न झालं की नवऱ्याचं. बँकेत माहेरचं, आधारवर सासरचं! तोंडी विचारून नाव टाकलं की ते आधारशी जुळत नाही, केवायसी अडते, आणि गरजेच्या वेळी पैसेही अडतात.

अनेकदा पुढच्या मालकानं जुनं काही न विचारता नवा यूएएन काढलेला असतो. आता बघा, पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी लागते. एका यूएएनवर सहा वर्षं, दुसऱ्यावर पाच. जोडली तर अकरा. न जोडली तर कुठेच दहा भरत नाहीत.

म्हणून तीन सवयी लावून घ्या. नाव आणि जन्मतारीख आधार कार्ड समोर ठेवूनच टाका. नवा माणूस आला की आधी कुठे काम केलं, जुना यूएएन आहे का, हे विचारा. आणि माणूस काम सोडून गेला की सोडल्याची तारीख त्याच महिन्यात भरा.

शेवटचं एक. कामगाराला त्याच्या मोबाइलवर त्याचं पासबुक उघडून दाखवा. पगारातून कापलेला पैसा कुठे जातो, हे त्याला दिसलं पाहिजे. आणि त्याचं चुकलेलं नाव सगळ्यात आधी त्यालाच दिसेल.