धर्मादाय बिंगो : खेळ, कायदा आणि मिळकत

आपल्याकडील क्लबांतून तंबोला किंवा हौजी या नावाने परिचित असलेला आकड्यांचा खेळ अमेरिकेत बिंगो म्हणून ओळखला जातो. कॅलिफोर्निया राज्याच्या मतदारांनी १९७६ साली राज्यघटना दुरुस्त करून या खेळास मान्यता दिली. मात्र ती केवळ धर्मादाय कार्यासाठी. खेळ चालू द्यावा किंवा नाही, याचा निर्णय नगरपालिका व काउंटी या स्थानिक संस्थांवर सोपविण्यात आला.

राज्याच्या दंडसंहितेतील कलम ३२६.५ मुख्यतः पैशाच्या वाटा बंद करते. खेळ संस्थेच्या सभासदांनीच चालवावा व त्यांनी वेतन घेऊ नये. घेतल्यास दहा हजार डॉलरपर्यंत दंड होतो. अल्पवयीनांस खेळात भाग घेता येत नाही. जमा रक्कम स्वतंत्र निधीत ठेवावी लागते, ती अन्य हिशेबात मिसळता येत नाही. माजी सैनिकांच्या संघटना किंवा भ्रातृमंडळे यांसारख्या, मुळात धर्मादाय नसलेल्या संस्थांना बक्षिसांखेरीज जागेचे भाडे व व्यवस्थापन यांसाठी जमेच्या २० टक्के किंवा दरमहा २,००० डॉलर यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच खर्च करता येते. महिन्याची जमा ५,००० डॉलर असेल तर खर्च १,००० वर थांबतो. जमा २०,००० झाली तरी तो २,००० च्या पुढे जात नाही. सार्वजनिक संस्थांचे हिशेब ज्यांनी तपासले आहेत, त्यांना ‘कमी असेल ती’ या शब्दांचे मोल वेगळे सांगावयास नको.

या व्यवस्थेस आव्हान मिळाले ते आदिवासींकडून. रिव्हरसाइड काउंटीतील काबाझॉन व मोरोंगो या जमाती आपल्या राखीव क्षेत्रांत बिंगो चालवीत. काबाझॉन जमातीचे नोंदलेले सभासद अवघे २५ होते. त्या भूमीत नैसर्गिक संपत्ती नव्हती; जमातीच्या कारभाराला खेळाखेरीज उत्पन्न नव्हते. बक्षिसाची तत्कालीन २५० डॉलरची मर्यादा आणि बिनवेतन कामाची अट आपणांसही लागू करावी, हा राज्याचा आग्रह त्यांनी अमान्य केला. संघटित गुन्हेगारीचा शिरकाव होईल, अशी भीती राज्याने व्यक्त केली. २५ फेब्रुवारी १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी जमातींच्या बाजूने निकाल दिला. जे राज्य स्वतःची लॉटरी चालविते, ते जुगाराचे नियमन करते, त्यास सर्वस्वी प्रतिबंध करीत नाही. म्हणून केवळ नियमनाचे कायदे राखीव क्षेत्रांवर लादता येत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले.

पुढील वर्षी संघराज्याने स्वतंत्र कायदा केला. जमातीचा कारभार, सभासदांचे कल्याण, आर्थिक विकास, धर्मादाय देणग्या आणि शेजारच्या स्थानिक संस्थांना साहाय्य या पाच कारणांवरच निव्वळ उत्पन्न खर्च करण्याचे बंधन त्यात आहे. सभासदांना दरडोई वाटप करावयाचे असल्यास त्याची योजना गृहखात्याकडून नव्हे, तर अंतर्गत साधनसंपत्ती पाहणाऱ्या संघीय खात्याकडून मंजूर करून घ्यावी लागते आणि अल्पवयीनांच्या वाट्याचे रक्षण करावे लागते. राखीव क्षेत्राबाहेरील धर्मादाय बिंगोवरील बक्षिसाची मर्यादा पुढे एका खेळास ५०० डॉलर करण्यात आली. सभासदांच्या बिनवेतन कामाची अट मात्र तशीच राहिली.