देवदूत चित्राबाहेर

सिसिलीतल्या पालेर्मो शहरात, पालाझ्झो अबातेल्लिस या संग्रहालयात, जेमतेम 45 सेंटिमीटर उंचीचं एक चित्र आहे. डोक्यावरून निळं वस्त्र घेतलेली तरुणी, पुढ्यात उघडं पुस्तक, मागे मिट्ट काळोख. अंतोनेल्लो दा मेस्सिनाने 1476च्या सुमारास ते लाकडी फळीवर तैलरंगांत रंगवलं. येशू आपल्या पोटी जन्म घेणार ही वार्ता मारियाला मिळते, तो हा क्षण. पण तो ओळखायच्या खुणा इथे जवळपास नाहीतच.

एरवी त्या ठरलेल्या असत. सिमोने मार्तिनीच्या 1333च्या चित्रात गॅब्रिएल या देवदूताचे शब्द सोनेरी अक्षरांत मारियाकडे झेपावतात. मधोमध तिच्या कौमार्याची खूण म्हणून लिलीची फुलं. फ्रा अँजेलिकोच्या चित्रात सोनेरी किरणांतून पवित्र आत्म्याचं कबुतर उतरतं. अंतोनेल्लोने देवदूत, लिली, कबुतर, प्रभावळ सगळंच काढून टाकलं. उरलं पुस्तक. वार्ता आली तेव्हा ती यशया संदेष्ट्याचं भाकीत वाचत होती, अशी परंपरागत समजूत आहे.

मग देवदूताचं काम कोण करतं? माझ्या मते, उजेड. तो डावीकडून येतो. कपाळ, नाक आणि पुढे आलेला उजवा हात उजळतो, चेहऱ्याची दुसरी बाजू सावलीत सोडतो. सोन्याचा मुलामा नाही, खिडकीतून यावा तसा साधा उजेड. तिची नजर आपल्याला चुकवून किंचित बाजूला वळते. म्हणजे गॅब्रिएल चित्राबाहेर, आपल्या शेजारीच कुठेतरी उभा असणार!

उजेड-सावलीचं हे काम साधलं ते तेलामुळे. अंड्याच्या बलकात कालवलेला रंग झटपट सुकतो. छटा बारीक रेघारेघांनीच जुळवाव्या लागतात. तेलातला रंग सावकाश सुकतो, त्याचे पातळ, पारदर्शक थर एकावर एक चढवता येतात आणि सावलीला कडा उरत नाही. अंतोनेल्लो हे तंत्र थेट फ्लेमिश चित्रकार यान व्हान आइककडे शिकला, असं चित्रकारांची चरित्रं लिहिणारा वासारी सांगतो. गोष्ट छान आहे, पण व्हान आइक 1441मध्ये वारला तेव्हा अंतोनेल्लो पोरवयाचा होता. तो घडला नेपल्समध्ये, चित्रकार कोलान्तोनियोच्या हाताखाली. फ्लेमिश चित्रं तिथल्या राजदरबारात पोचलेली होती.

निळा रंग मारियाचा, स्वर्गाचा. त्या काळी सर्वोत्तम निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून बनत असे. दगडाची पूड राळ आणि मेणात मळून क्षाराच्या पाण्यात निळे कण वेगळे करायचे. तो इतका महाग, की कोणत्या प्रतीचा निळा वापरायचा हे अनेकदा चित्राच्या करारातच लिहिलेलं असे. इथे त्या निळ्याला दागिना नाही की जरीकाठ नाही. कपाळावर वस्त्राची घडी मात्र दिसते, ते नुकतंच कपाटातून काढावं तशी.

याच विषयावरचं त्याचं दुसरं चित्र म्यूनिकमध्ये आहे. तिथे मारियाने दोन्ही हात छातीवर घेतले आहेत. तिने वार्ता स्वीकारली आहे. पालेर्मोत डावा हात वस्त्र गळ्याशी घट्ट धरून आहे आणि उजवा हवेत, थांब म्हणावं तसा.