कागदावर लपलेला माल

निर्बंध चुकवणारा माल बहुतेक वेळा राजरोस, रीतसर कागदपत्रांसह समुद्र ओलांडतो. माल काय, कोणाचा आणि कोणासाठी, एवढीच माहिती खोटी असते. म्हणून तो पकडण्याचे खरे काम बंदरातल्या टेबलावर सुरू होते.

23 जानेवारी 2024 रोजी रायगड जिल्ह्यातील न्हावाशेवा बंदरात चीनहून कराचीला निघालेले 'सीएमए सीजीएम अत्तिला' हे जहाज अडवण्यात आले. त्यावर 22,180 किलोची एक खेप होती. बिल ऑफ लेडिंगवर (जहाजी मालपत्रावर) पाठवणारी कंपनी शांघायची, घेणारी सियालकोटची. अधिकाऱ्यांच्या म्हणण्यानुसार खोलात गेल्यावर दोन्ही नावे बदलली: माल तैयुआनच्या कंपनीचा निघाला आणि तो जाणार होता कॉसमॉस इंजिनिअरिंग या पाकिस्तानी संरक्षण पुरवठादाराकडे. कॉसमॉससाठीचा माल मार्च 2022 मध्येही न्हावाशेवातच अडला होता.

पेटीत सीएनसी यंत्र होते. संगणकाच्या आज्ञेबरहुकूम धातू कापणारे हे यंत्र मोटारीचा सुटा भाग घडवते, तसाच क्षेपणास्त्राचाही. डीआरडीओ या भारताच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या पथकाने त्याची पाहणी केली. पाकिस्तानने मात्र ते मोटार उद्योगासाठीचे साधे लेथ असल्याचे सांगितले. अशा दुहेरी उपयोगाच्या वस्तूंवर अनेक देशांच्या निर्यात-नियंत्रण गटाचे, म्हणजे वासेनार व्यवस्थेचे, नियंत्रण आहे. भारत 2017 पासून तिचा सदस्य आहे. यंत्र दोन्हीकडे सारखेच असल्याने अखेरचा वापरकर्ता कोण, हाच निर्णायक प्रश्न ठरतो, आणि नेमके तेच नाव दडवले जाते.

माल भारतात उतरणारच नसेल, तर तो अडवता येतो का? येतो. महासंहारक अस्त्रांविषयीच्या 2005 च्या भारतीय कायद्यात केवळ भारतातून पुढे जाणारा मालही धरला आहे. 2022 च्या दुरुस्तीने अशा व्यवहारांना पैसा पुरवणेही गुन्हा ठरले. हा कायदा येण्याआधीही, 1999 मध्ये, कांडला बंदरात उत्तर कोरियाच्या 'कू वोल सान' जहाजावर जलशुद्धीकरणाची सामग्री म्हणून नोंदवलेल्या पेट्यांत क्षेपणास्त्राचे भाग सापडले होते.

एकाच देशाने घातलेली बंदीही याच वाटेने चुकवली जाते. मे 2025 मध्ये भारताने पाकिस्तानी मालाची आयात पूर्ण थांबवली. पुढच्याच महिन्यात महसूल गुप्तचर संचालनालयाने 'ऑपरेशन डीप मॅनिफेस्ट'मध्ये 39 कंटेनर, 1,115 टन माल जप्त केला. त्यात खारीक होती. कराचीहून दुबईला आलेला माल तिथे दुसऱ्या कंटेनरांत भरून अमिरातीचा म्हणून दाखवला होता. कंटेनरांचा प्रवास आणि पैशांची देवघेव जुळवल्यावर हा बनाव उघड झाला.

तेलवाहू जहाजांच्या बाबतीत काम अधिक अवघड आहे. ती आपले ठिकाण कळवणारी एआयएस यंत्रणा बंद करतात, भरसमुद्रात दुसऱ्या जहाजात तेल ओततात, नाव आणि ध्वज बदलतात. जहाजाचा सात अंकी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक मात्र ते मोडीत निघेपर्यंत तोच राहतो. त्यामुळे तपासणारे आधी तो पाहतात आणि मग उपग्रहाची छायाचित्रे व विम्याची कागदपत्रे त्याच्याशी ताडून बघतात.