सोसाट्याच्या वाऱ्यात विमान उतरते कसे?

दिघा, प्रतिनिधी : पावसाळ्यात ठाणे खाडीकडून येणारा सोसाट्याचा वारा दिघावासीयांच्या छत्र्या उलटवतो. अशाच वाऱ्यात मुंबई व नवी मुंबई विमानतळांवर प्रवासी विमाने उतरवावी लागतात. हे कसे साधते?

समोरचा वारा वैमानिकाला उपकारकच ठरतो. जमिनीच्या संदर्भात विमानाचा वेग घटतो आणि धावपट्टी कमी लागते. दोन्ही ठिकाणच्या मुख्य धावपट्ट्या पूर्व-पश्चिम असल्याने पश्चिमेचा मोसमी वारा समोरून घेता येतो. तो नैर्ऋत्येकडून वाहू लागला, की आडवा रेटा वाढतो. अशा वेळी वैमानिक विमानाचे नाक वाऱ्याकडे वळवून, खेकड्याप्रमाणे तिरके राहून खाली येतो. चाके टेकण्याच्या बेतात असताना शेपटीवरील सुकाणूने तो नाक धावपट्टीच्या रेषेत आणतो व वाऱ्याकडील पंख किंचित झुकवतो. त्यामुळे त्या बाजूची चाके आधी टेकतात. झोत एकाएकी ओसरल्यास विमान खचू नये, म्हणून वेगही थोडा अधिक राखला जातो.

एअरबस ए-३२० विमानाने चाचणीत झोतांसह ३८ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ७० किलोमीटरचा आडवा वारा पेलला आहे. मात्र वादळापुढे थांबणेच शहाणपणाचे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळामुळे मुंबई विमानतळावरील उड्डाणे कित्येक तास बंद होती.

टेकता टेकता विमान पुन्हा वर झेपावले, की प्रवाशांच्या काळजात धस्स होते. परंतु ती वैमानिकाची चूक नसून सुरक्षिततेसाठी घेतलेला निर्णय असतो.