परळच्या प्रयोगशाळेतले फोलेट

ब-जीवनसत्त्वांच्या परिवारात मला विशेष जिव्हाळा आहे तो फोलेटचा, म्हणजे ब-९चा. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज संशोधिका मुंबईत दाखल झाली. आणि गिरण्यांतून राबणाऱ्या ज्या दरिद्री गर्भवतींच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटत, आकाराने मात्र वाढत, त्यांच्या व्याधीचे मूळ जंतूंत नसून आहारातील उणिवेत आहे, हे परळच्या हाफकिन संस्थेच्या आश्रयाने काम करीत असता तिने सप्रयोग दाखविले. यीस्टच्या अर्काने, म्हणजे ‘मार्माइट’ नावाच्या स्वस्त पदार्थाने, त्या स्त्रियांना उतार पडला, आणि १९३१ साली तिने तो वृत्तान्त प्रसिद्ध केला. अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फोलेट, हा उलगडा मात्र पुढील दशकात झाला.

पेशींचे विभाजन होताना नवा डीएनए घडविण्यास फोलेट अपरिहार्य असते. गर्भाचा मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत, बहुधा मातेला वार्ता कळण्यापूर्वीच, मिटत असल्यामुळे फोलिक आम्लाच्या, म्हणजे कृत्रिम फोलेटच्या, गोळ्या आधीपासून सुरू करणे इष्ट, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तथापि ब-१२ची उणीव असता केवळ फोलिक आम्ल घेतल्यास रक्त सुधारलेले दिसते आणि मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. म्हणून वैद्यकीय सल्ला हवाच.

मसूर, हरभरा, चवळी, पालक यांत फोलेट मुबलक असते, परंतु ते पाण्यात विरघळते व उष्णतेने नासते. सबब भाजी फार शिजवू नये, आणि तिचे पाणी आमटीत घालावे.